फळीवरचा सोडा

रोहणा, ता. आर्वी
१२ ऑगस्ट १९७५

चि. सौ. सुमित्रा,

तुझ्या थोरल्या जावेचा आशीर्वाद घे. घेशील की नाही ते तुझ्यावर.

वर्षभर पत्र लिहिलं नाही. सातवीपर्यंतची अक्षरं येतात आणि वेळही होता, तेव्हा सबब सांगत नाही. तुझे भाऊ प्रभाकरराव यांचं कार्ड संक्रांतीच्या सुमाराला आलं होतं, तुला मुलगी झाली म्हणून. यांनी ते सासूबाईंना वाचून दाखवलं आणि कोनाड्यात ठेवलं. चंद्रभान भाऊजींनी नंतर ते आपलं आपण काढून वाचलं. मुलीचा बाप म्हणून त्यांना कोणी काही म्हटलं नाही, त्यांनीही कोणाला काही म्हटलं नाही. पेढे आले नाहीत. मी स्वयंपाकघरात जाऊन गुळाचा खडा तोंडात टाकला. वेणू नाव चांगलं ठेवलंस.

इथे काम सुरू आहे. पोळा जवळ आला की आपल्या घराला दुसरं काही दिसत नाही, हे तुला माहीतच आहे. तान्ह्या पोळ्याला गावभर मिरवायला पोरांना लाकडी नंदी नवे कोरे लागतात, आणि लाकूड तर आजोबांच्या वेळचं. विरूळचे, धनोडीचे, आर्वीचे मिळून चाळीसेक नंदी रंगवायला पडवीत येऊन बसले आहेत. घरात माणसं चार आणि बैल चाळीस. मोतीलाल शेठजींचा वीतभर उंचीचा, चाकांवरचा, तोही आला. दरवर्षी जुन्या रंगावर नवा रंग चढवत गेले, त्यामुळे त्याचा चेहरा बुजून गेला होता. डोळ्यांच्या खोबणी भरून सपाट झाल्या होत्या आणि गळ्यातली घुंगरमाळ म्हणजे नुसता उंचवटा. मी सोडा लावून सोलायला बसले. आधी पांढरा निघाला, मग पिवळा, मग परत पांढरा, मग निळा. बैलाला निळा कोणी दिला असेल देव जाणे, शेठजींच्या वडिलांची हौस असेल. नवव्या थराखाली लाकूड लागलं. डोळा चांगला कोरलेला आहे, मोठा.

सोड्याचं काम पहिल्यापासून माझ्याकडे. तुला सासूबाईंनी रंगाआधीचा खडू-सरसाचा हात द्यायला बसवलं होतं, आणि पोटुशी राहिल्यावर तर सोड्याच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नाही. ते बरं होतं. माझ्या बोटांची टोकं आता गुळगुळीत झाली आहेत. परवा भाकर बोटानेच तव्यावरून उलटली, आणि भाजलं ते मला वासावरून कळलं.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात तुझ्या नलूला जाऊन वर्ष होईल. एवढ्या लहान मुलांचं श्राद्ध घालत नाहीत, म्हणून त्या दिवशी घरात काही होणार नाही.

तुला माहेराहून परत आणायचं मी एकदा काढून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "जिच्या हातानं पोर गेली तिच्या हातची भाकर मी खाऊ? नाव काढू नको तिचं." भाऊजी तिथेच बसून एका नंदीचा डोळा रंगवत होते. ते रंगवत राहिले. मी पुढचा नंदी सोलायला घेतला.

तू बरी आहेस ना, एवढंच विचारायचं होतं.

तुझी
अनुसया


रोहणा
१८ ऑगस्ट १९७६

चि. सौ. सुमित्रास आशीर्वाद. घरी सर्व ठीक. पाऊस बरा. सासूबाईंचे गुडघे दुखतात. यंदा नंदी सत्तेचाळीस आले. वेणू पळू लागली असेल. कार्डावर जागा कमी आणि वाचणारे फार. आमचे पोस्टमन प्रेमदास तर अक्षर लागलं नाही तर मलाच थांबवून विचारतात, "हे काय लिवलं जी वहिनी?" म्हणून इथेच थांबते. उत्तर दिलंस तर कार्ड टाकू नकोस, अंतर्देशीय टाक.

अनुसया


रोहणा
४ सप्टेंबर १९७८

चि. सौ. सुमित्रा,

सासूबाई आषाढात गेल्या. तुमच्याकडे सांगावा पोचला होता, असं हे म्हणाले. तू येणार नाहीस हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मीही धरलं होतं, तरी तीन दिवस एस.टी.च्या वेळेला मी ओट्यावर येऊन उभी राहत होते.

त्या शेवटपर्यंत तशाच होत्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना. अंथरुणावरून उठता येत नव्हतं, पण पडवीतल्या नंद्यांची मोजणी चालू. "थोरले, धनोडीवाल्याचा धुतला का वं? चिंच कमी नको घालू, सोडा लाकडात राह्यला की रंग धरत नाई." शेवटच्या दिवशी मला जवळ बोलावून हात धरला आणि काही पुटपुटल्या. मला नीट समजलं नाही. मी चमच्याने पाणी पाजलं. ते गिळलं आणि गेल्या.

काल तान्हा पोळा झाला. गल्लीतून पोरं नंदी ओढत गेली, दारोदार त्यांच्या हातावर बोजाऱ्याचा खाऊ पडला. आपल्या दारात मी मुरमुरे आणि गूळ दिला.

भाऊजींबद्दल एक सांगायचं आहे. नलूसाठी त्यांनी तळहाताएवढा नंदी केला होता. पोरीला कशाला नंदी, म्हणून सासूबाई हसल्या होत्या, आठवतं? दर श्रावणात भाऊजी तो काढतात. मला सोडा मागतात. आपल्या हाताने सगळा रंग सोलतात, काचपेपर मारतात, धुतात, वाळवतात, पुन्हा रंगवतात आणि ठेवून देतात. रंग काही खराब झालेला नसतो. तो नंदी वर्षभर कोणी हातातही घेत नाही. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, चांगला तर हाये." ते म्हणाले, "राहू द्या जी वहिनी, करून राह्यलो." चार वर्षं सोलून सोलून तो एवढा झिजला आहे की शिंगं गेली, वशिंड गेलं, आता तो बैल आहे की उंदीर ते सांगावं लागतं. दुसरं लग्न करा म्हणून लोक त्यांच्यामागे लागले होते. ते नाही म्हणत नाहीत आणि करतही नाहीत. तुझ्याकडे अल्लीपूरलाही जात नाहीत. दोन वेळा जेवतात.

सासूबाई गेल्या, तेव्हा आता तुला आणायला हरकत घेणारं कोणी उरलं नाही. मी पुन्हा विषय काढायला हवा होता. काढला नाही. का काढला नाही, ते पुढे कधीतरी लिहीन.

अनुसया


रोहणा
१० ऑगस्ट १९८१

सुमित्रा,

आज मायना लिहीत नाही. आशीर्वाद द्यायचा मला अधिकार नाही, हे तुला पत्र संपेपर्यंत समजेल.

हे परवा रंगाचे डबे आणायला वर्ध्याला गेले होते. एस.टी. स्टँडवर प्रभाकरराव भेटले. दोघांनी चहा घेतला. सोयरीक तुटल्यासारखी आहे, पण चहा तुटलेला नाही. बोलता बोलता प्रभाकरराव म्हणाले, "रूपरावजी, सुमी पोरीले आपल्या हातानं एक घास भरवत नाई. सात वर्साची होईल वेणू आता, तिच्या ताटात वाढते बी माही बायको. पोरीनं पाणी मांगितलं तरी ही म्हनते, मामीले माग. दूध बी पाजलं नाई हो तिनं. पयल्या दिवसापासून गाईचं, तेबी दुसऱ्याच्या हातानं."

यांनी घरी येऊन मला सांगितलं, डबे खाली ठेवता ठेवता. मी तेव्हा काचेने नंदी खरडायला बसले होते. काचेचा तुकडा तळहातात रुतला आणि रक्त नंदीवर पडलं तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं.

मला वाटत होतं तू माझा राग करत असशील. आमचा सगळ्यांचा करत असशील. त्या रागावर तू जगत असशील, आणि त्यात माझंही बरं होतं, कारण रागावलेली माणसं विचारायला येत नाहीत. तू स्वतःच्या हाताचा राग करून राहिली आहेस, हे माझ्या मनात कधी आलंच नाही. आता लिहिते. सगळं लिहिते.

त्या वर्षी कामाच्या खोलीचं छप्पर गळत होतं आणि सोड्याच्या पोत्याला ओल आली होती. कॉस्टिकला ओल लागली की त्याचं पाणी सुटतं. दुकानदाराने दिलेले मोठे खडे मी कुटून बारीक करून ठेवले होते, ते वाया गेले असते. जर्मन ॲल्युमिनियमच्या डब्यात तो ठेवता येत नाही, डबाच खाऊन टाकतो. म्हणून दुधाच्या पावडरचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, घट्ट झाकणाचा, त्यात भरला आणि स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या फळीवर ठेवला. चुलीच्या उबेने कोरडा राहील, उद्या-परवा हलवीन म्हटलं. कोणाला सांगितलं नाही. मग विसरले.

आणि आपल्या घरात सोडा हा एकच शब्द. भज्यात घालायचा तोही सोडा, पोटात वारा धरला की घ्यायचा तोही सोडा, नंदी सोलायचा तोही सोडा. बाहेरची माणसं त्याला कॉस्टिक म्हणतात. मला ते नाव माहीत होतं, पण घरात कोणाच्या तोंडात नव्हतं, म्हणून माझ्याही नव्हतं. खायचा सोडा त्याच फळीवर मागे होता, काचेच्या बरणीत, वर फडकं बांधलेला.

पोळ्याला दोन दिवस होते. मी अंगणात चिंचेच्या पाण्याने नंदी धूत होते. नलू रडत होती. तू आतून विचारलंस, "बाई, हिचं पोट फुगलं वाट्टे, काय देऊ?"

मी म्हटलं, "सोडा दे न चिमूटभर, पाण्यात."

"कुठं हाये जी?"

"फळीवरचा घे."

माझे हात नंदीत होते. मी मान वर केली नाही. पुढचा डबा तुझ्या हाताला आधी लागला.

नलू ओरडली ते तुला माहीत आहे. तू तिला उचलून वैद्यांकडे पळालीस, अनवाणी. सासूबाई शेजारून धावत आल्या आणि तुझ्यामागे गेल्या. मी स्वयंपाकघरात आले. डबा फळीवर उघडा, झाकण खाली पडलेलं, वाटी, चमचा. मला तिथेच सगळं कळलं. मी डबा उचलला, नेऊन पोत्यात ओतला आणि धुऊन भंगारात टाकला. मागची बरणी पुढे ओढून ठेवली. हे सगळं करायला मला फार वेळ लागला नाही. एरवी मी कामाला सावकाश आहे.

संध्याकाळी सगळे जमले तेव्हा तू एकच सांगत होतीस, "फळीवर डबा होता जी. घट्ट झाकनाचा. चमच्याच्या दांडीनं उघडला मी." सगळ्यांनी फळीकडे पाहिलं. तिथे बरणी होती. सासूबाईंनी मला विचारलं, "डबा होता काय वं, थोरले?"

मी म्हटलं, "नाई."

तू माझ्याकडे पाहिलंस. तू मला खोटी समजली नाहीस, मला ते दिसत होतं. तू आपल्यालाच काहीतरी झालं आहे असं समजलीस. "नाई?" म्हणून तू परत विचारलंस, आणि तू कामाच्या खोलीतल्या पोत्यातून घेतलंस असं सगळ्यांनी धरलं. त्यानंतर नलू वर्ध्याच्या दवाखान्यात नऊ दिवस होती. तिला थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती. रोज मी दवाखान्याच्या दारापर्यंत येत होते, आणि रोज मनाशी म्हणत होते, पोर वाचली की सांगीन.

का सांगितलं नाही ते लिहिते. माझ्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि माझी कूस उजवली नव्हती. ओटी भरायच्या वेळी बाया मला ओलांडून पुढच्या बाईकडे जात होत्या, तू पाहिलं आहेस. वांझ थोरलीने धाकटीच्या पोरीसाठी फळीवर विष ठेवलं, असंच झालं असतं. चूक म्हणून कोणी ऐकलं नसतं. यांनी मला घराबाहेर काढलं असतं, आणि माहेरी माझं कोणी नव्हतं. तुला भाऊ होता. मी असा हिशेब केला की तुला जायला जागा आहे आणि मला नाही. पोर माझी असती तर हा हिशेब केला असता का, हे मी मला विचारून पाहिलं आहे. नलू माझ्या कुशीत झोपायची, सुमित्रा. माझा जीव होता तिच्यावर. हे लिहायची मला लाज वाटते, पण ते खरं आहे.

मला रडू येत नाही. सात वर्षांत एकदाही आलं नाही. लोक म्हणतात, थोरली मोठी धीराची.

आता ऐक. तुझ्या हाताने काही झालं नाही. मी सांगितलं तिथून तू घेतलंस, मी सांगितलं तेवढं दिलंस. वेणूला तुझ्या हाताने जेवू घाल. आजच घाल. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

अनुसया


रोहणा
२१ ऑगस्ट १९८१

सुमित्रा,

तुझं पत्र आलं. सात वर्षांतलं पहिलं. प्रेमदासने दारातून हाक मारली तेव्हा माझे हात सोड्यात होते, तसेच ओले घेऊन गेले, त्यामुळे एका कोपऱ्यातली शाई उतरली. बाकी सगळं वाचता येतं.

तू लिहितेस:

"बाई, तुमी पयलेपासून माह्यावर माया केली. आता माह्या डोक्यावरचं ओझं आपल्या डोक्यावर घेऊन राह्यल्या, हे मले समजत नाई का? दादानं तिकडं जाऊन काही सांगितलं असंल. पन माह्यासाठी खोटं काऊन बोलता? मले चांगलं याद हाये. डबा-बिबा काही नोता. मी खोलीत गेलती. पानी येत होतं, पायरीवर पाय घसरला. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं होतं, ते म्या दातानं सोडलं न आपल्या हातानं चमचा भरला. तुमच्यासारखी जाऊ कोनाले भेटत नाई. देव तुमचं भलं करो."

मी हे तीनदा वाचलं. मग जाऊन ओट्यावर बसले. मला शिव्या येतील, प्रभाकरराव काठी घेऊन येतील, पोलीस येतील, हे सगळं मी धरलं होतं. तुझ्याकडून आशीर्वाद येईल हे नव्हतं धरलं.

सुमित्रा, तुला जे आठवतं ते घडलेलं नाही. पायरीवर तुझा पाय घसरला नाही. सुतळी तू सोडली नाहीस. त्या दिवशी पाऊस तर सकाळीच थांबला होता, म्हणून तर मी नंदी अंगणात धुवायला घेतले होते. सात वर्षं सगळ्यांनी तुला सांगितलं की तू खोलीत गेली होतीस, आणि तू आज्ञाधारक, तू गेलीस. पायरीसुद्धा मनाने घसरडी करून घेतलीस.

तू खोलीत जाऊच शकत नव्हतीस. खोलीला कुलूप होतं. हे आणि भाऊजी तयार झालेले नंदी घेऊन आर्वीला गेले होते, आणि किल्ली माझ्या कमरेला होती.

हे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही. सगळं लिहिते असं तिथे म्हटलं, पण सगळं नव्हतं लिहिलं. निम्मं खरं सांगून सुटता आलं तर पाहावं, असं कुठेतरी होतं माझ्या मनात. तुझ्या पत्राने ती वाट बंद केली.

डबा ओतायला मी कुलूप उघडलं. ओतून झाल्यावर परत लावता आलं असतं. मी लावलं नाही. दार सताड उघडं ठेवलं, पोत्याचं तोंड मोकळं केलं, आणि स्वयंपाकघरातला तो चमचा नेऊन पोत्याजवळ टाकला. हे सगळं मी मुद्दाम केलं. डबा फळीवर राहिला ती चूक होती. चमचा पोत्याजवळ गेला ती चूक नव्हती. यांनी घरी आल्यावर तो चमचा उचलून सगळ्यांना दाखवला, आणि त्यानंतर तुझं कोणी ऐकलं नाही. सासूबाईंच्या मनात मात्र काहीतरी राहिलं असावं. जाताना त्या काय पुटपुटल्या ते मला समजलं नाही असं मी तुला लिहिलं होतं. चांगलं समजलं होतं. त्या म्हणाल्या, "कुलूप कोनं उघडलं होतं वं, थोरले?" मी त्यांच्या तोंडात पाणी घातलं.

काल सकाळी मी दोघांना पडवीत बसवून हे सांगितलं. नंद्यांच्या मधेच जागा करून बसावं लागलं. मी उभी राहून बोलले. बोलायला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळ लागला.

हे म्हणाले, "पोर तर तुह्याच कुशीत निजे वं." एवढंच. जेवायला बसले नाहीत. आजही माझ्या हातचं घेतलं नाही, शेजारून भाकर मागून आणली. ते बरोबर आहे. तुझ्या वाट्याला आलेलं माझ्या वाट्याला आलं, उशिरा.

भाऊजींच्या हातात पटाशी होती. ती त्यांनी पुसून जागेवर ठेवली. मला वाटलं ते अंगावर धावून येतील, आणि खरं सांगते, यावेत असं वाटलं. ते म्हणाले, "वहिनी, तुमी 'नाई' म्हनल्या ते एक डाव. मी तर तिले काही इचारलंच नाई. सात वर्सं. एक डाव तरी जाऊन इचारावं, का वं, काय झालतं?" असं म्हणून ते माझ्या देखत रडले. मोठ्याने, लहान मुलासारखं नाक ओढत. मी पाहत होते. मला तेव्हाही काही आलं नाही.

मंगळवारी सकाळच्या गाडीने मी आणि भाऊजी निघतो, दुपारपर्यंत अल्लीपूरला पोचू. भाऊजी तुझ्याशी काय बोलतील ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तू त्यांना आत घे किंवा घेऊ नकोस, ते तुमचं तुम्ही पाहा. मला तुझ्या घरात यायचं नाही. चहा ठेवू नकोस. मी अंगणात उभी राहीन. प्रभाकररावांना बोलाव, त्यांच्या बायकोला बोलाव, शेजारच्या बाया जमल्या तर जमू दे, आणि वेणूलाही तिथे उभी कर. तिला कळायचं वय झालं आहे. कागदावर मी खोटी वाटते, म्हणून तोंडाने सांगायला येते आहे. डब्याचं, कुलपाचं, चमच्याचं, सगळं सांगीन, तुझ्या डोळ्यांत पाहून. तू मधेच "बाई, राहू द्या" म्हणशील, तू तशीच आहेस. मी थांबणार नाही.

सांगून झाल्यावर तू माझ्या पाया पडलीस, किंवा मला बसायला पाट दिलास, तर तुला अजून पटलं नाही असं मी समजेन, आणि बुधवारी परत येऊन पुन्हा सांगेन, गुरुवारीही येईन. तू मला अंगणातून हाकलून दिलंस, त्याच दिवशी येणं बंद करीन.

अनुसया